आधी पाणी, मग किल्ला: घोडबंदर आणि खाडीवरचा पूल पेन्सिलीने रेखाटताना

किल्ला आणि पूल एकाच कागदावर यावेत असं वाटत असेल तर ठाणेकरांना फार लांब जायला नको. मुंबई, ठाणे आणि मिरा-भाईंदर ज्या जमिनीवर उभे आहेत ते साष्टी बेट. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदीचं पाणी समुद्राकडे नेणारी वसईची खाडी. बेटावर यायचं किंवा बेटावरून जायचं तर पाणी ओलांडावंच लागे. जिथे ओलांडणं सोपं, तिथे पहारा बसला, गढी आली, किल्ला आला. पुढे इंजिनिअर आले आणि त्यांनीही पुलासाठी बहुतेक त्याच जागा निवडल्या. घोडबंदरचा किल्ला आणि त्याच्याजवळचा महामार्गाचा पूल हे शेजारी योगायोगाने झालेले नाहीत. दोघांनाही तिथे आणलं ते मधल्या पाण्याने.

म्हणून नव्याने रेखाटन शिकणाऱ्यांना मी एकच क्रम सांगते: आधी पाणी मांडा, मग किल्ला, मग पूल. बहुतेक जण बुरुजापासून सुरुवात करतात, कारण डोळा तिथेच अडकतो. बुरूज छान उतरतो आणि मग उरलेल्या जागेत खाडी आणि पूल कोंबले जातात. पाण्याच्या दोन्ही कडा आधी ठरल्या की बाकीच्या गोष्टींना आपापली जागा आपोआप सापडते. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या क्रमाभोवतीच फिरतं.

पिशवीत काय घ्यायचं

पेन्सिली चारच घ्या: २एच, एचबी, २बी आणि ६बी. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं भाजलेलं मिश्रण. फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये ही रीत काढली. मातीचं प्रमाण वाढलं की रेघ कडक आणि फिकट येते, तिकडे एच. ग्राफाइट वाढलं की मऊ आणि काळी, तिकडे बी. आपल्या चित्रात पलीकडच्या तीरावरचे डोंगर २एचने, बांधणीच्या रेषा एचबीने, दगडाचा पोत २बीने आणि कमानीखालचा अंधार ६बीने होईल. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या अप्सरा, नटराज किंवा कॅमलिनच्या पेन्सिली यासाठी पुरेशा आहेत. सुरुवातीलाच परदेशी डबा घेऊ नका.

कागद मात्र बरा घ्या. ए५ किंवा ए४ आकाराची, जाड कार्ट्रिज कागदाची, पुठ्ठ्याचं कव्हर असलेली स्केचबुक. खाडीकाठी हवा दमट असते, पातळ कागद तासाभरात मऊ पडतो आणि ६बी त्यावर नीट बसत नाही. दोन मोठ्या क्लिपा हव्यात, कारण उंचावर वारा पान उडवत राहतो. टोक करायला शार्पनरपेक्षा कटर चांगला. लांब टोक मिळतं आणि पेन्सिल आडवी धरून छटा भरता येते. एक साधा खोडरबर, एक मळून आकार देता येणारा रबर, हाताखाली धरायला कोरा कागद, टोपी, पाणी, आणि बसायला घडीचं स्टूल किंवा जुनी सतरंजी. पट्टी आणू नका. पट्टीने मारलेला पूल आणि हाताने काढलेला बुरूज एका कागदावर नांदत नाहीत.

भरतीचं गणित

ही पायरी चित्रकलेच्या वर्गात शिकवत नाहीत आणि खाडी रेखाटायची तर हिच्याशिवाय चालत नाही. तुम्ही सकाळी काढायला घेतलेला किनारा दोन तासांनी तोच राहत नाही. भरतीला पाणी तिवरांच्या बुंध्यापर्यंत येतं आणि पुलाचे खांब आखूड दिसतात. ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात, खांबांचे पाय दिसतात, पाणी आक्रसून मधल्या धारेपुरतं उरतं. दोन्ही चित्रं चांगली होतात. पण अर्धं चित्र भरतीचं आणि अर्धं ओहोटीचं असं झालं की पाहणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे कळतं, काय ते सांगता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. तेवढ्याच सुमाराला दिवसातून दोनदा, आणि मधे साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब समुद्रकिनाऱ्याचा. खाडीत आत शिरता शिरता भरतीला आणखी वेळ लागतो, हे धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा चढ-उतार मोठा. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी हलतं. शिकणाऱ्यांनी पहिल्यांदा भांगाचा दिवस निवडावा. कालनिर्णय भिंतीवर असतंच, तिथी बघून रविवार ठरवा. माझं मत विचाराल तर ओहोटी संपून भरती लागायच्या सुमाराची वेळ सर्वांत चांगली. तेव्हा पाणी थोडा वेळ जवळजवळ स्थिर राहतं, चिखलाच्या ओल्या कडा चमकतात आणि खांबांची पूर्ण उंची मिळते.

पहिला सराव तलावपाळीवर

किल्ल्यावर जाण्याआधी एक सकाळ मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसा. इथे दोनच गोष्टी शिकायच्या आहेत: डोळ्याची पातळी ओळखणं आणि पेन्सिलीने मोजणं.

डोळ्याची पातळी म्हणजे क्षितिजरेषा. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना हा शब्द आठवत असेल. ती शोधायला वही डोळ्यांसमोर आडवी, सपाट धरा. वहीची वरची बाजूही दिसत नाही आणि खालचीही दिसत नाही, फक्त कड दिसते, तिथे तुमची पातळी. त्या कडेच्या सरळ पुढे पलीकडच्या इमारतींवर काय येतं ते लक्षात ठेवा. तुम्ही उभे राहिलात की ही रेषा वर जाते, बसलात की खाली येते. म्हणून चित्र सुरू केल्यावर मधेच उभं राहून काढू नका.

मोजायची रीत अशी. हात कोपरात न वाकवता पूर्ण ताठ करा, पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक समोरच्या इमारतीच्या माथ्याला लावा आणि अंगठा सरकवत तिच्या पायथ्याशी आणा. ही झाली तुमची एक माप. आता पेन्सिल आडवी करून पाहा, तलावाच्या पलीकडच्या काठाच्या लांबीत अशा किती मापा बसतात. कागदावर आकार कितीही लहान-मोठा घ्या, हे गुणोत्तर बदलू द्यायचं नाही. हात एकदा ताठ आणि एकदा वाकलेला असेल तर सगळं मोजमाप वाया जातं. इथे कोपिनेश्वर मंदिराचं शिखर काढायचा मोह होईल. काढा, पण आधी पाण्याची पलीकडची कड आडवी मारा आणि शिखर तिच्यावर उभं करा.

दुसरा सराव: कळव्याचा जुना पूल

ठाण्याच्या खाडीवर कळव्याकडे जाणारा ब्रिटिशकालीन दगडी पूल कमान शिकायला फार चांगला आहे. शेजारी वाहतुकीचे नवे पूल आहेत. त्यातला शेवटचा २०२२ मध्ये खुला झाला. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने काठावर आलात की जुन्या-नव्या पुलांची गर्दी एकदम समोर येते. सगळं काढू नका. दोन कमानी आणि त्यांच्यामधला एक खांब, एवढंच पान भरून काढा.

कमान हाताने अंदाजे गोल मारली की बहुतेक वेळा एका बाजूला कलते. त्याऐवजी आधी तिच्याभोवती चौकट आखा. दोन खांबांच्या आतल्या कडा उभ्या, माथ्याला टेकणारी आणि पाण्याच्या पातळीची अशा दोन रेषा आडव्या. समोरून पाहत असाल तर हा आयत, बाजूने पाहत असाल तर दूरची बाजू आखूड झालेला चौकोन. चौकटीचे दोन्ही कर्ण मारा. ते जिथे छेदतात त्यातून उभी रेषा वर न्या. कमानीचा माथा त्या रेषेवर. बाजूने पाहताना हा मध्य डोळ्याला वाटतो त्यापेक्षा पलीकडे सरकलेला असतो, आणि तो कर्णांशिवाय सापडत नाही. मग दोन्ही खांबांवर कमान जिथून वळायला लागते ते बिंदू खुणावा आणि तिन्ही बिंदू जोडा.

आता कमानीची जाडी. तुम्ही कमानीच्या डावीकडे उभे असाल तर तिची उजवी आतली बाजू दिसेल, उजवीकडे असाल तर डावी. ही आतली बाजू म्हणजे पुलाची रुंदी. ती काढली की पुलाला वजन येतं, नाही काढली तर तो पुठ्ठ्याचा राहतो. कमानीच्या दगडांच्या फटी माथ्याकडे जाताना हळूहळू उभ्या होत जातात, कारण प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो. सगळे दगड मोजून काढायची गरज नाही. माथ्याचे तीन आणि पायाजवळचे तीन नीट काढा, बाकीचे डोळा भरून घेतो.

घाटावर बसल्यावर पुलाचा वरचा कठडा तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो. म्हणून दूर जाताना त्याची रेषा खाली उतरते. पाण्याजवळची खांबांची कड डोळ्यांच्या खाली, ती दूर जाताना वर चढते. दोन्ही रेषा पुढे एकमेकींना जिथे भेटतील तो बिंदू तुमच्या क्षितिजरेषेवरच असला पाहिजे. हा नियम इथे पक्का करा, कारण घोडबंदरच्या टेकडीवर तो उलटा दिसणार आहे.

याच खाडीवरून रेल्वेही जाते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आलेली गाडी १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला पोचली. रेल्वेच्या पुलावर किंवा रुळांच्या कडेला बसून काढायचा विचार मनातही आणू नका. काठावरून दिसतं तेवढं पुरे.

ठाण्याचा स्वतःचा किल्लाही इथून जवळच आहे, पण तो रेखाटायला जाऊ नका. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला, आणि पुढे त्याचं तुरुंगात रूपांतर झालं. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातून निसटले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. भिंतीसमोरून जाताना हे आठवावं, वही मात्र पिशवीतच ठेवावी. चालू कारागृहाच्या तटासमोर बसून आराखडे काढणं योग्यही नाही आणि सुरक्षारक्षक ते करूही देणार नाहीत.

घोडबंदरला जाताना

किल्ला मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, घोडबंदर गावाच्या टेकडीवर आहे. ठाण्याहून घोडबंदर रोडने मिरा रोड-भाईंदरकडे जाणारी बस घ्या, कासारवडवली, ओवळा, गायमुख मागे टाकत फाउंटन नाक्यापर्यंत या, आणि पुढे रिक्षा करा. रस्त्यावर अवजड वाहनांची गर्दी असते म्हणून पहाटेच निघा. पश्चिम उपनगरांतल्या एस. व्ही. रोडचं जुनं नावही घोडबंदर रोडच होतं. वांद्र्याकडून निघालेली वाट बेटाच्या याच उत्तर टोकाला, पाण्यापाशी येत होती. अरबी घोड्यांचा व्यापार इथल्या बंदरात चाले. पोर्तुगीजांचा हा किल्ला चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. वर पोचल्यावर लगेच वही उघडू नका. उत्तरेला खाडीकडे तोंड करून उभे राहा आणि पाण्यावर पहारा ठेवायला ही जागा का निवडली असेल ते आधी पाहून घ्या. तटावरच्या माणसाला जे दिसायला हवं होतं, तेच तुमच्या चित्राचं कॉम्पोझिशन आहे.

खाडी किल्ल्याच्या उत्तरेला असल्यामुळे दिवसभरात सूर्य समोरून डोळ्यांवर येत नाही. सकाळी उजवीकडून आणि दुपारनंतर डावीकडून प्रकाश मिळतो. गोल बुरुजाला तिरका प्रकाश हवा. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. भर दुपारी बुरूज सपाट दिसतो.

*काडेपेटीएवढे तीन कच्चे आराखडे.* मोठं चित्र सुरू करायच्या आधी एका पानावर काडेपेटीएवढ्या तीन चौकटी आखा. पहिल्यात बुरूज डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात बुरुजाऐवजी तटाचा तुटका भाग पुढे. प्रत्येकात तीनच छटा: कागदाचा पांढरा, मधली राखाडी, गडद. सावल्या कुठे पडल्या आहेत ते याच वेळी टिपा. दीड तासाने ऊन सरकेल तेव्हा खऱ्या सावल्यांकडे न पाहता या आराखड्याकडे पाहायचं. तिन्हींपैकी ज्यात पाणी सर्वांत स्पष्ट वाचता येतं तो निवडा.

*पाण्याच्या कडा.* आता मोठं पान, आडवं. क्षितिजरेषा वरच्या तिसऱ्या भागात घ्या, कारण तुम्ही उंचावर आहात आणि खालचं बरंच काही दिसतं आहे. पलीकडचा तीर जवळजवळ आडवा असतो. तो एचबीने हलकाच मारा. मग अलीकडचा काठ. इथे थांबून मोजा. नव्याने काढणारा प्रत्येक जण पाण्याचा पट्टा खऱ्यापेक्षा दुप्पट उंच काढतो, कारण खाडी रुंद आहे हे त्याला ठाऊक असतं आणि हात ते ठाऊक असलेलं काढतो. पेन्सिल उभी धरून अलीकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंतची दिसणारी उंची घ्या आणि ती बुरुजाच्या उंचीशी ताडून पाहा. पट्टा किती अरुंद आहे हे पाहून आश्चर्य वाटेल. जे मोजलं तेच मांडा.

खाडीची वळणंही अशीच फसवतात. पाणी वळतं तिथे त्याची कड कागदावर तीव्र उतरती काढली की पाणी डोंगरावरून ओघळल्यासारखं दिसतं. सपाट पाण्याची वळणं दुरून पाहताना दबलेली, जवळजवळ आडव्या रेषांनी बनलेली असतात. जवळच्या वळणाला थोडी खोली द्या, पुढचं त्याहून दाबा, त्याच्या पुढचं नुसती रेघ. खाडी आडवी पडली की अर्धं चित्र झालं. यासाठी वीस मिनिटं खर्ची पडली तरी घाई करू नका.

*पूल.* महामार्गाचा जुना पूल आणि त्याच्या शेजारी २०२३ पासून वाहतुकीला खुला झालेला नवा पूल, दोन्ही दुरून जवळजवळ एकाच पट्ट्यासारखे दिसतात. आधी दोनच खुणा करा: पूल या तीराला कुठे टेकतो आणि त्या तीराला कुठे. मग रस्त्याची रेषा. कळव्याला कठडा डोळ्यांच्या वर होता. इथे पूल तुमच्या पातळीच्या खाली आहे, त्यामुळे दूर जाणारं टोक कागदावर वर चढतं. हे पटत नाही म्हणून हात त्याला आडवा करायला बघतो. पेन्सिल आडवी धरून पुलाच्या रेषेला लावा, कल दिसेल.

खांबांचं अंतर दूर जाताना कमी होत जातं. जवळचे पहिले दोन खांब मोजून काढा. दुसऱ्या खांबाच्या उंचीचा मध्य खुणावा. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून त्या मध्यातून जाणारी रेघ पाण्याच्या रेषेपर्यंत न्या. ती जिथे टेकते तिथे तिसऱ्या खांबाचा पाय. तसंच पुढे. चार-पाच खांबांनंतर पुढचे नुसत्या उभ्या टिपक्यांनी दाखवा. पूल मोठा करायचा मोह टाळा. किल्ल्यावरून पाहणाऱ्याला तो लहानच दिसतो, आणि त्या लहानपणामुळेच खाडीची रुंदी कळते.

*बुरूज.* आता कुठे किल्ला. बुरुजाची मधली उभी रेषा आधी, तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर कडा. बहुतेक बुरूज वर जाताना किंचित निमुळते असतात. कल अंदाजे न घेता पेन्सिल कडेला लावून घ्या. दगडांचे थर गोलावरून जाताना डोळ्यांच्या पातळीला सरळ दिसतात, पातळीच्या वरचे थर मधे उंच होऊन दोन्ही बाजूंना खाली वळतात, खालचे थर उलटे. म्हणजे तुम्ही बुरुजाच्या पायाशी बसला आहात की त्याच्या माथ्याच्या उंचीवर, हे दगडांच्या रेषाच सांगतात. ही वळणं खाडीच्या क्षितिजरेषेशी जुळली पाहिजेत. बुरूज एका पातळीवरून आणि पूल दुसऱ्या पातळीवरून काढला की दोन वेगळी चित्रं चिकटवल्यासारखी दिसतात.

दगड सगळे काढू नका. जिथे ऊन आणि सावली भेटते त्या उभ्या पट्ट्यातच सांधे, खाचा, उडालेला चुना स्पष्ट दिसतो. तिथे काम करा. उन्हातली बाजू जवळजवळ कोरी आणि सावलीतली एकसंध राखाडी सोडा. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप असेल तर ते काढाच; दगडाचा आकार किती ते त्याच्यामुळे कळतं.

छटा भरताना

पलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर आणि त्यांच्या बाजूला कामणदुर्ग धुरकट दिसतात. त्यांना २एचपेक्षा गडद काही लावू नका आणि बाह्यरेषा मारू नका. कड नुसत्या छटेने येऊ द्या. तिथून आपल्याकडे येताना प्रत्येक टप्पा गडद करा: डोंगर, पलीकडची तिवरं, पूल, अलीकडचा काठ, आणि सर्वांत शेवटी बुरुजाची सावली. ६बी फक्त या शेवटच्या टप्प्याला. चित्रात एकच सर्वांत काळी जागा असावी आणि ती किल्ल्यावर असावी.

पाण्यात काही भरायच्या आधी कागद कोरा ठेवून बघा. खाडीचं पाणी गढूळ, आकाशाचा उजेड घेणारं. बहुतेक वेळा तो कोरेपणाच पाणी होतो. प्रतिबिंबं काढलीच तर खांबाच्या बरोबर खाली, सरळ उभी. गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं फिकट, उजळ वस्तूचं थोडं गडद. वारा असेल तर प्रतिबिंब लांबतं आणि आडव्या तुकड्यांत मोडतं. बोटाने घासून पाणी गुळगुळीत करू नका, त्याने कागद मळतो आणि सगळीकडे एकच धुकट राखाडी पसरते. उजेडाची एखादी आडवी पट्टी हवी असेल तर मळून आकार देता येणारा रबर पातळ करून एकदाच ओढा.

आपल्याकडे जागेवर जाऊन वास्तू रेखाटण्याची परंपरा नवी नाही. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबटांनी १७९० च्या दशकात पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळ-कार्ल्याची लेणी रेखाटली. खडकाचं वजन त्यांच्या चित्रांत जाणवतं, कारण त्यांनी ते समोर बसून मोजलेलं होतं. त्याच सुमाराला, १७९३ मध्ये, मुंबईत आलेले थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाची पेटी वापरत. भिंगातून कागदावर पडलेली प्रतिमा पेन्सिलीने गिरवायची आणि रंग नंतर भरायचे. आज मोबाइलवर फोटो काढून घरी गिरवणं त्याच जातीचं आहे. त्यात गैर काही नाही. पण फोन जवळचं मोठं आणि लांबचं लहान करतो. त्यात पूल जवळजवळ नाहीसा होतो, पाण्याचा पट्टा आणखी आक्रसतो. शिकणाऱ्याने फोटो दगडाचा तपशील आठवायला वापरावा, मापं मात्र जागेवरच घ्यावीत.

जागेवर वागताना

तटाच्या कडेवर पाय सोडून बसू नका. जुन्या बांधकामाचे दगड सुटे असतात. पावसाळ्यात आणि नंतरच्या महिन्यात गवत उंच असतं, साप असू शकतात, बूट घालून या. बाजूचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला लागून आहे, अंधार पडायच्या आत उतरा. पेन्सिलीचा भुसा आणि रबराचे तुकडे कागदात गुंडाळून परत न्या. भिंतीवर पेन्सिलीचं टोक घासून बघायचं नाही, नाव लिहायचं तर मुळीच नाही. मुलं येऊन मागे उभी राहतात. त्यांना वहीतलं दाखवा, आणि कोणी काढून बघायला मागितलं तर एक कोरं पान द्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाट विचारताना पुलाआधी पाणी कसं ओलांडत ते जरूर विचारा. अशा गप्पांतून किनारा कुठे होता, होड्या कुठे लागत, हे कळतं आणि पुढच्या वेळी काठाची रेष अधिक खात्रीने पडते.

घरी आल्यावर

चित्र दुसऱ्या दिवशी पाहा. दुरुस्ती दोनच गोष्टींची करा: क्षितिजरेषा तिरकी झाली असेल तर ती, आणि सर्वांत काळी जागा पुरेशी काळी नसेल तर ती. बाकी जागेवर झालं ते राहू द्या. मागच्या बाजूला ठिकाण, तारीख, तिथी, वेळ आणि भरती होती की ओहोटी, एवढं एचबीने लिहा. ६बीचं काम पसरतं म्हणून पानावर बटर पेपर लावा. फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पसरू नये म्हणून मारायचा फवारा, मारायचं असेल तर गॅलरीत, हातभर अंतरावरून, दोन पातळ थर, मधे वाळू देऊन. दमट दिवसांत मारू नका, डाग पडतात. स्कॅन करताना करड्या छटांचा पर्याय निवडा आणि कॉन्ट्रास्ट वाढवू नका, नाहीतर २एचने काढलेले तुंगारेश्वरचे डोंगर सगळ्यात आधी उडतात.

पुढचं चित्र त्याच जागेवरून, पण उधाणाच्या भरतीला काढा. पाण्याच्या दोन्ही कडा पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागतील.